फाडफाड इंग्रजी नको, बसायला जागा द्या

थेट मुद्द्यावर येतो. गेले आठ महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ आम्ही पंधरा-वीस जण आपल्या नगरपालिकेच्या अभ्यासिकेच्या वरच्या हॉलमध्ये इंग्रजीत गप्पा मारत बसायचो. फी नाही, पुस्तक नाही, सर्टिफिकेट नाही. आता तिथं बसायचं असेल तर दर बैठकीला बाराशे रुपये भाडं भरा आणि संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र जोडा, असं सांगण्यात आलंय. तोंडी, बरं का. लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगमध्ये असतात.

आणि त्याच हॉलमध्ये गेल्या दोन रविवारी एका स्पोकन इंग्लिश क्लासचा 'फ्री सेमिनार' झाला. बॅनर, माईक, प्रवेशद्वारावर फुगे, सगळं. त्यांनी भाडं किती भरलं त्याची पावती बघायला मागितली, तर 'बघून सांगतो'. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीस दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. वाट बघतोय.

आता काही जण खाली लिहितील की भाऊ, गावात चार दिवसांआड पाणी येतं, स्टँडसमोरचा खड्डा तसाच आहे, आणि तुला इंग्रजी गप्पांचं पडलंय. पाण्यावर आणि त्या खड्ड्यावर किती बातम्या लिहिल्या त्या मागं जाऊन बघा, मग बोलू. हा विषयही तेवढाच गावाचा आहे. का, ते सांगतो. पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊन बसा.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर आज तिशीच्या पुढं गेलंय. त्याच्यानंतरच्या प्रत्येक पोरानं पहिली ते बारावी, बारा वर्षं इंग्रजी शिकलंय. त्यात अनेकांना गणित-विज्ञान सेमीमधून. आणि हेच पोर डिप्लोमा करून चाकणला नाहीतर रांजणगावला कंपनीत जातं, समोरचा म्हणतो 'टेल मी अबाउट युअरसेल्फ', आणि याच्या घशाला कोरड पडते. याला पॅसिव्ह व्हॉइस येतो. 'राम ईट्स अ मँगो'चं 'अ मँगो इज ईटन बाय राम' झोपेत करून देईल. महाराष्ट्रात इतकी वर्षं राम आंबा खातोय आणि आंबा रामाकडून खाल्ला जातोय, पण तो आंबा गोड होता का, हे इंग्रजीत कुणी कुणाला विचारलेलं नाही.

शिक्षकांना शिव्या घालायचा माझा विचार नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, समोर साठ पोरं, वरून कधी निवडणुकीचं काम, कधी सर्वेक्षण. त्यात प्रत्येक पोराला एक मिनिट बोलतं करायचं म्हटलं तरी तास संपतो. तोंडी परीक्षेचे मार्क कसे पडतात हे तुम्हा-आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे बारा वर्षं वाचलं, लिहिलं, पाठ केलं, आणि बोललो काय? 'मे आय कम इन सर'. तेवढं एक वाक्य आख्ख्या महाराष्ट्राचं अस्खलित आहे.

ही जी पोकळी आहे ना, तिच्यावर धंदा उभा आहे. '९० दिवसांत फाडफाड इंग्रजी'. आमच्याच वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्या या जाहिरातींवर चालतात, हे आमच्या धंद्यातलं गुपित वगैरे नाही, पान उघडलं की दिसतं. मी या 'फ्री सेमिनार'ला मागं बसून दोनदा ऐकलंय. पद्धत ठरलेली. पहिली दहा मिनिटं प्रेरणादायी भाषण. मग मागच्या रांगेतल्या एखाद्या बिचाऱ्या पोराला उभं करायचं, इंग्रजीत ओळख करून द्यायला लावायची. तो दोन वाक्यांत अडखळतो. हॉल हसतो. सर हसत नाहीत, सर फक्त म्हणतात, 'बघितलंत? म्हणून तुम्ही मागं राहिलात.' पाच मिनिटांनी दाराजवळच्या टेबलावर फॉर्म भरायला रांग. आधी भीती विकायची, मग तिच्यावरचं औषध.

आणि औषध काय, तर एक पाठ केलेलं भाषण. 'मायसेल्फ अमुक तमुक, आय बिलाँग टु अ मिडल क्लास फॅमिली, माय हॉबीज आर...' मुलाखत घेणाऱ्यांना ते आपल्या पोरांपेक्षा जास्त पाठ झालंय. त्यांनी मध्येच 'गावाकडं पाऊस कसा आहे' विचारलं की खेळ खलास. वर्गात मराठी शब्द उच्चारला की दहा रुपये दंड, असाही एक प्रकार आहे. आपल्या भाषेवर दंड भरून दुसरी भाषा शिकायची! सगळेच क्लास तसे नाहीत, मान्य. आपल्याच गावात एक सर व्याकरण जीव तोडून शिकवतात, फीसाठी कुणाला अडवत नाहीत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ते हे वाचतील आणि त्यांना कळेल मी कुणाबद्दल बोलतोय.

आमच्या बैठकीत काय होतं ते आता सांगतो, कारण 'तिथं चालतं तरी काय' असं कार्यालयात मला दोनदा विचारलं गेलं, जणू काही आम्ही पत्ते खेळत होतो.

मी शिक्षक नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, इंग्रजी वाचतो, बोलताना अधूनमधून थांबतो. माझं काम शिकवायचं नाहीच. पहिलं काम खुर्च्या फिरवायचं. हॉलमध्ये खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून असतात, भाषण ऐकायला. त्या गोल करायच्या. नुसतं एवढं केलं तरी निम्मी भीती कमी होते, कारण समोर माणसाचं तोंड दिसतं, पाठ नाही. दुसरं काम गप्प बसायचं. हे फार अवघड आहे, विशेषतः पत्रकाराला. कुणी वाक्य सुरू करून अडलं की आपली जीभ वळवळते, शब्द पुरवावासा वाटतो. मनात दहापर्यंत मोजायचं. आठ-नऊला बहुतेक वेळा त्याचा त्यालाच शब्द सापडतो. नाहीच सापडला तर मराठीत बोल म्हणायचं, बाकीचे मिळून शोधतात. मराठीला दंड नाही.

तिसरं, मध्येच चूक काढायची नाही. एखादा म्हणाला, 'यस्टरडे आय गो टु नाशिक', तर मी एवढंच विचारतो, 'ओ, यू वेंट टु नाशिक? बाय बस?' पुढच्या वाक्यात तो आपसूक 'वेंट' वापरतो. घरातलं दोन वर्षांचं बाळ 'मी खाल्ला पोळी' म्हणालं की आपण 'अरे वा, पोळी खाल्लीस?' म्हणतो ना, तसंच. त्याला आपण नामाची लिंगं पाठ करायला लावत नाही.

बडबड्या माणसांचं काय करायचं, हाही मोठा प्रश्न होता. दर गटात एक तरी असतो, ज्याला थोडं जास्त येतं आणि जो मग दीड तास एकटाच बोलतो. त्यावर एका निवृत्त कंडक्टर काकांनी उपाय काढला. प्रत्येकाला पाच काड्या. तोंड उघडलं की एक काडी मध्ये टाकायची, संपल्या की ऐकायचं. आणि ज्याच्याकडे शेवटी काड्या उरतात त्याच्याकडे सगळे बघत बसतात, मग त्याला बोलावंच लागतं. तीस वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसाला हिशेब बरोबर कळतो.

विषय साधे. मोबाईलचे फायदे-तोटे असले निबंधाचे विषय नाहीत. पिठलं कसं करतात. स्टँडपासून दत्त मंदिरापर्यंत कसं जायचं. ही दुसरी गंमत करून बघा, आपल्या गावात रस्त्यांना नावं नाहीत, 'पडक्या वाड्यावरून खाली उतर' हे इंग्रजीत सांगताना वीस जणांची वीस भाषांतरं झाली. एकदा एका ताईंनी विचारलं, 'रुसणे'ला इंग्रजीत काय म्हणतात? पुढचा पाऊण तास त्यावर गेला. 'अँग्री' नाही, 'सॅड' नाही. राग आलाय पण माणसानं येऊन समजूत काढावी अशी आशाही आहे. लग्नातला जावई, वर्षाच्या सणाला न बोलावलेली नणंद, सगळी उदाहरणं इंग्रजीत. व्याकरणाचा मुडदा पडला असेल त्या दिवशी, पण एकही माणूस गप्प नव्हता.

आपलं घोडं नेमकं कुठं अडतं, हेही अशा बसण्यातूनच कळतं. कुठल्या पुस्तकात मला ते दिसलं नव्हतं. एक नर्सताई महिनाभर वयस्कर माणसांशी इंग्रजीत बोलायच्याच नाहीत. शेवटी म्हणाल्या, 'काकांना यू कसं म्हणू? तू म्हटल्यासारखं वाटतं.' तू, तुम्ही, आपण या तिन्हींना एकच 'यू', हे त्यांना नववीपासून माहीत होतं. तोंडातून मात्र निघत नव्हतं, कारण अडचण संस्काराची होती. मग ठरलं की काका त्यांना 'यू' म्हणणार आणि त्यांनी काकांना 'यू' म्हणायचं, दहा मिनिटं, मुद्दाम. पहिल्या वेळी लाजून लाल झाल्या. आता तालुक्याच्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलला पेशंट पाठवताना तिथल्या केरळच्या सिस्टरशी फोनवर बोलतात. तसंच ते 'मला'. मला भूक लागते, मला ताप येतो, मला पोहता येतं. आपल्या भाषेत या गोष्टी आपल्याकडं चालत येतात. इंग्रजीत सगळीकडं 'आय' पुढं करावा लागतो. आपली माणसं तिथं का अडखळतात हे एकदा लक्षात आलं की त्यात लाजण्यासारखं काही उरत नाही.

एक नियम कडक आहे. इथं झालेली चूक बाहेर सांगायची नाही. एकानं दुसऱ्याच्या बोलण्याचा व्हिडिओ काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. त्याला त्याच दिवशी सांगितलं, तू उद्यापासून येऊ नकोस. त्याचे वडील मोठे आहेत, फोनही आला. नाही घेतला परत.

आता मुख्य मुद्दा, जागेचा. 'घरी बसा ना कुणाच्या तरी, नाहीतर हॉटेलात बसा', हा सल्ला मला कार्यालयातही मिळाला आणि इथंही कमेंटमध्ये मिळाला. सल्ला देणाऱ्यांनी आपलं गाव जरा नीट बघावं. आमच्या वीस जणांत नऊ बायका-मुली आहेत. चहाच्या हॉटेलात त्या बसतील? त्यांच्या घरचे बसू देतील? पालिकेची इमारत आहे, खाली वॉचमन आहे, दिवे आहेत, शेजारी पोरं एमपीएससीचा अभ्यास करतायत, म्हणून त्यांना घरून परवानगी मिळते. आणि कुणाच्या घरी म्हणाल, तर आपल्या गावात कोण कुणाच्या घरात बसतं आणि कोण कुणाच्या ओट्यापर्यंतच जातं, हे मी उघड करून सांगायला नको. माझ्या घरी बोलावलं तरी काही जण येणार नाहीत, आणि का येणार नाहीत हे मला माहीत आहे. नगरपालिकेचा हॉल हा असा आहे की जिथं गॅरेजमधला पोरगा, वकिलांची सून, पेठेतले दुकानदार आणि वस्तीतली आशाताई एका गोलात बसतात, आणि कुणी कुणाचं पाहुणं नसतं. भाडं लावून तुम्ही हा गोल मोडताय. दर बैठकीला बाराशे म्हणजे महिन्याला साडेनऊ-दहा हजार. वर्गणी काढायची म्हटली तर पहिल्यांदा कोण गळेल? वकिलांची सून नाही गळणार.

आता आक्षेपांकडं येतो. पहिला, आमच्या मराठीप्रेमी मित्रांचा. 'मराठीची गळचेपी चाललीय आणि तू इंग्रजीचे वर्ग भरवतोस.' पहिलीपासून हिंदीचे जे दोन शासन निर्णय २०२५ मध्ये निघाले आणि २९ जूनला मागं घ्यावे लागले, त्यांच्या विरोधात आपल्या गावात जी सभा झाली त्यात मीही बोललो होतो, फोटो आहेत. मराठीवर प्रेम करायला इंग्रजीत मुकं राहावं लागतं, असं कुठं लिहिलंय? सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिका म्हणून सांगितलंय. त्यांना मराठीचं प्रेम कमी होतं का? आणि त्या सभेत व्यासपीठावर बसलेल्यांची पोरं कुठल्या माध्यमात शिकतात, हे त्यांनीच एकदा जाहीर करावं. मी करणार नाही. त्यांची पोरं जिल्ह्याच्या ठिकाणी इंग्रजी बोलायला शिकणार, आणि गावातल्या पोरांनी मराठीसाठी गप्प बसायचं, हा न्याय मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप थोडा खरा आहे. 'आंधळ्यामागं आंधळा. चुकीचं इंग्रजी बोलून चुकाच पक्क्या होतील.' हो, गप्पांनी परीक्षेचं व्याकरण येत नाही. अर्ज लिहायचा असेल, स्पर्धा परीक्षेचा पेपर असेल, तर पुस्तक आणि शिक्षक लागतातच, मी प्रत्येकाला तेच सांगतो. चुका ऐकून चुका लागू नयेत म्हणून आम्ही सुरुवातीला दहा मिनिटं फोनवर इंग्रजी बातम्या लावून एकत्र ऐकतो आणि मग त्यावर बोलतो. पण बरोबरच बोलायचं म्हणून बारा वर्षं जी माणसं बोललीच नाहीत, त्यांचं काय झालं ते समोर दिसतंय. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे आख्ख्या देशात अडीच लाखांच्या आसपास होते. म्हणजे तुम्ही टीव्हीवर, कोर्टात, मंत्रालयात ज्यांचं इंग्रजी ऐकून दबता, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी ते नंतर शिकलेलंच आहे. फक्त त्यांना चुका करायला घरात, कॉलेजात, क्लबात जागा मिळाली, आणि तिथं त्यांना कुणी उभं करून हसलं नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा, की आता मोबाईलवर एआयशी बोलता येतं, वीस माणसं कशाला जमवता? बोला की. मीही बोलतो, सरावाला चांगलं आहे, ते हसत नाही. पण आपल्या पोरांना भीती मशीनची नाही, माणसांची आहे. टेबलापलीकडे तीन माणसं बसली की जी बोबडी वळते ती माणसांतच बसून जाणार.

आमच्यातल्या एक ताई, मुलगी इंग्रजी माध्यमात, पालकसभेला गेल्या की मागच्या बाकावर मान खाली घालून बसायच्या. दिवाळीनंतरच्या सभेत उभ्या राहिल्या आणि विचारलं, 'मॅडम, यू टेक ॲक्टिव्हिटी फी. व्हाय यू नॉट गिव्ह रिसीट?' व्याकरणवाल्यांनी त्यात चुका काढाव्यात. पावती मिळाली.

नगरपालिकेला एवढंच सांगायचंय. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, त्यात नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना चालना देणं हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. हॉल जनतेच्या पैशानं बांधलाय. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तो आठ महिन्यांपूर्वी रिकामाच असायचा आणि आता पुन्हा रिकामा आहे, कुलूप लावून. मी कालच जाऊन बघितलं. मागणी फक्त आमच्यापुरती नाही. जो गट फी घेत नाही, सगळ्यांना खुला आहे आणि काही विकत नाही, मग तो भजनी मंडळ असो, बुद्धिबळाचा असो की आमच्यासारखा, त्याला आठवड्यातले ठरलेले तास हॉल मोफत मिळावा. वीजबिलापोटी काही घ्यायचं असेल तर वाजवी घ्या, देऊ. जे विकायला येतात त्यांच्याकडून पूर्ण भाडं घ्या आणि पावती फाडा. हा नियम सर्वसाधारण सभेत ठराव करून लेखी करा, म्हणजे उद्या दुसरा साहेब आला की दुसरा नियम, असं होणार नाही. इतकी वर्षं प्रशासक होता, कुणाला विचारायची सोय नव्हती. आता तुम्ही मतं मागून निवडून आलाय. आमच्या गोलात बसणाऱ्या वीस जणांपैकी किमान दहांच्या दारात तुम्ही हात जोडून उभे होतात.

निवेदन तयार आहे. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात सह्यांसाठी ठेवलंय, सोमवारपर्यंत राहील. सही मराठीत करा, इंग्रजीत करा, अंगठाही चालेल. ज्या नगरसेवकांना यावर बोलायचंय त्यांनी इथं कमेंटमध्येच बोलावं, फोनवर 'बघतो भाऊ' नको. तोपर्यंत या शुक्रवारी साडेसहाला आम्ही अभ्यासिकेच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसणार आहोत, कुलूपबंद हॉलच्या खाली. वॉचमनना कल्पना दिलीय. सतरंजी आहे, काड्या आहेत. विषय आहे 'भाडं'. ज्यांना यायचंय त्यांनी या, डास असतात, तेवढं ओडोमास लावून या.